पाठांतर आणि पाठभेद

मराठीत पाठांतर म्हणजे घोकणे. कर्नाटक संगीतात ‘पाठांतरम्’ म्हणजे एखाद्या गुरुपरंपरेने चालत आलेले कृतीचे, म्हणजे रचनेचे, रूप, आणि ते परंपरेगणिक वेगळे असू शकते. आपण ज्याला पाठभेद म्हणू, तो तिथे पाठांतरातच सामावलेला असतो. कार्यालयांतून हल्ली शिकण्याची संस्कृती रुजवायची भाषा चालते आणि प्रशिक्षणाचे तास मोजले जातात. त्यातला बराचसा भाग मराठी अर्थाने पाठांतरच असतो. जिज्ञासा टिकते ती दुसऱ्या अर्थाच्या पाठांतराने, हे कावेरीकाठच्या तिरुवैयारुच्या इतिहासावरून दाखवता येते.

त्यागराज (1767–1847) याच गावी राहिले. एकच ओळ पुन्हा गाताना दर आवर्तनात तिचे नवे अंग उलगडायचे, या ‘संगती’च्या पद्धतीला त्यांच्या कृतींनी मोठे स्थान दिले. म्हणजे पुन्हा विचारून पाहणे हा कामाबाहेरचा उपक्रम नव्हता, ते कामच होते. पुढे शिष्यांच्या वालाजापेट, उमयाळपुरम आणि तिल्लैस्थानम अशा तीन परंपरा झाल्या. वालाजापेटच्या वेंकटरमण भागवतरांनी कृती लिहून ठेवल्या, म्हणून पाठ ताडून पाहता आले. भेद झाले, पण ते उघड राहिले.

याच काळात तेथून सुमारे 13 किलोमीटरवर, तंजावरच्या मराठा दरबारात, दुसऱ्या तऱ्हेचा प्रयोग चालला होता. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल 1798–1832) यांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरी छापखाना चालवला आणि धन्वंतरी महालात वैद्यकाचा अभ्यास मांडला. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून उपचारांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. निरनिराळ्या वैद्यांचे उपाय एकत्र करून तमिळ पद्यात बांधले गेले. जे ऐकले ते लिहायचे, जे केले ते नोंदवायचे, ही त्या दरबाराची शिस्त. मात्र 1855 नंतर, वारसाअभावी राज्य खालसा झाल्यावर, ग्रंथ उरले. 1918 मध्ये ते सर्वांना खुले झाले. प्रश्न विचारणारी मंडळी तशी उरली नाही. दरबारातला प्रश्न राजाचा होता, तिरुवैयारुतला शिष्यांचाही झाला होता. फरक इथेच पडला.

यावर आक्षेप येईल की 1799 च्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यामुळे सरफोजीराजांना सवड होती. कामाच्या रेट्यात असलेल्या माणसाने ती कुठून आणावी? पण पेन्शनीवर बसलेले संस्थानिक हिंदुस्थानात पुष्कळ होते, प्रत्येकाने ग्रंथालय उभारले नाही. सवड लागते, पण ती पुरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बँकेच्या खिडकीवर किंवा बॉयलरपाशी पाठभेद म्हणजे चूकच. खरे आहे, पण संगतीही ताल सोडून जात नाही. चौकट ठरलेली असते म्हणूनच तिच्या आत काय बदलले हे कळते आणि सांगता येते. चौकटीबाहेर गुपचूप केलेला बदल हा पाठभेद नव्हे, तो लपवलेला दोष असतो.

प्रश्न कोणी विचारायचा, हा मुद्दाही तिरुवैयारुतच लढला गेला. त्यागराजांच्या आराधनेत, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीच्या संगीतोत्सवात, स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. ज्यांनी पदरमोड करून समाधीचे मंदिर उभारले, त्या गायिका बंगळूर नागरत्नम्मांना गाण्यासाठी स्त्रियांची वेगळी आराधना भरवावी लागली. 1940 च्या सुमारास आराधना भरवणारे निरनिराळे गट एकत्र आले आणि आज त्यागराजांच्या पंचरत्न कृती स्त्री-पुरुष एकत्र बसून गातात. एकसुरात गायचे तर पाठ एकच ठरवावा लागतो, हे खरे. पण तो ठरवणाऱ्यांत कोण बसले आहे, यावर त्या एकमताचे मोल ठरते.

पाठ नुसता घोकायचा नसतो, हे मराठी कीर्तनानेही याच मुलखात दाखवले आहे. मराठी कीर्तनकार मोरगावकरबुवांचे कीर्तन ऐकून हरिकथाकार तंजावर कृष्ण भागवतरांनी त्याची घडण उचलली, आणि तमिळ हरिकथेत साकी आणि दिंडी ही मराठी वृत्ते आली. परक्याचे ऐकून त्याला आपल्या तालात बसवणे ही जिज्ञासेची कमाई. म्हणून कार्यालयाने कर्मचाऱ्याला किती शिकवले यापेक्षा एक निराळा हिशेब ठेवावा: त्याने हातातल्या कामाचा कोणता पाठभेद सुचवला, तो कुठे नोंदला गेला आणि पुढच्या माणसाला तो वाचता येतो का.