जागरणाची उचल

नाशिकजवळच्या ओझरला रात्री जागणारे तीन तऱ्हेचे लोक भेटतात. मुंबई–आग्रा महामार्गावरून कांद्याच्या आणि द्राक्षांच्या गाड्या नेणारे ड्रायव्हर, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये तिसऱ्या पाळीला जाणारे कामगार आणि शेतीची वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात कांद्या-गव्हाला पाणी भरणारे शेतकरी. चौथी तऱ्हा डोळ्यांत भरत नाही. रात्रभर झोपूनही वर्गात, कचेरीत, जेवताना ज्यांचा डोळा लागतो, त्यांना घरचे लोक आळशी म्हणतात आणि तेही हळूहळू स्वतःला तसेच समजू लागतात. दिवसा झोप आवरत नाही ही चौघांची तक्रार एकच. दवाखान्यात तेवढेच सांगितले, तर चौघांच्या चिठ्ठीवर एकच गोळी लिहिली जाऊ शकते. माझे म्हणणे असे, की त्या गोळीला औषध म्हणायचे ते चौथ्याच्या बाबतीत. पहिल्या तिघांच्या बाबतीत ती उचल आहे. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीसारखी ती आजची नड भागवते, पण अंगावर राहते आणि पुढे कामातूनच फिटते. हा फरक डॉक्टरने, मालकाने आणि सरकारने पाहिला नाही, तर कामाच्या वेळापत्रकातला दोष माणसाच्या मेंदूवर ढकलला जातो.

ही गोळी म्हणजे मोडाफिनिल. तिचेच जवळचे रूप आर्मोडाफिनिल. हा शोध फ्रान्समधल्या लॅफॉन प्रयोगशाळेचा. झोपेचे नामवंत संशोधक मिशेल झुव्हे यांनी नार्कोलेप्सीच्या रुग्णांसाठी तिचा उपयोग पुढे आणला. अमेरिकेत तिला डिसेंबर 1998 मध्ये मान्यता मिळाली आणि आज भारतीय कंपन्याही ती बनवतात. नार्कोलेप्सी साधारण दोन हजारांत एकाला होते. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या मोजक्या पेशी ओरेक्सिन नावाचे रसायन तयार करतात आणि जागेपण टिकवून धरतात. या आजाराच्या ठरावीक प्रकारात त्या पेशी बहुतेक नष्ट झालेल्या असतात, हे 2000 साली स्पष्ट झाले. अशा रुग्णाला कितीही झोपू द्या, दुपारी झोप त्याच्यावर झडप घालतेच. काहींचे तर मनापासून हसताना गुडघे लटके पडतात. निदानासाठी रात्रभर झोपेची तपासणी करतात आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पडायला सांगून झोप किती मिनिटांत लागते ते मोजतात. एवढी तपासणी गावाजवळ क्वचितच होते. म्हणून अशा मुलाची शाळा आधी सुटते, नोकरी मग सुटते आणि आजाराचे नाव कळायला वर्षे जातात. त्याला मिळालेली गोळी ही चैन नव्हे. दमेकऱ्याला पंप मिळावा तितक्या सहज ती त्याला मिळायला हवी. गैरवापराच्या भीतीने तिच्यावर सरसकट बंदी मागणारे सगळ्यात आधी याच माणसाला मारतात.

त्याच्या शेजारी एक फसवे उदाहरण आहे. पोट सुटलेला, जोरात घोरणारा, झोपेत मध्येच श्वास अडकून दचकणारा माणूस. हा स्लीप ॲप्निया. भारतातल्या सर्वेक्षणांचा एकत्रित हिशेब केला तर दहा प्रौढांत निदान एकाला तो असावा. रात्रभर घशाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि हे तासाला कितीतरी वेळा घडते. सकाळी त्याला वाटते आपण आठ तास झोपलो. इथे खरा इलाज म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र आणि वजन कमी करणे. यंत्र नीट वापरूनही झोप उरली तर जोडीला गोळी, असा अमेरिकेतल्या मान्यतेचा अर्थ आहे. पण यंत्र महाग, मुखवटा तोंडावर बांधून झोपायचे जिवावर येते आणि गोळी सोपी. मग यंत्र कोपऱ्यात पडते आणि गोळी चालू राहते. माणूस ताजातवाना दिसतो. आत मात्र ऑक्सिजन तसाच घसरत असतो, रक्तदाब तसाच चढत असतो. लक्षण गेले आणि आजार राहिला, म्हणजे डॉक्टरकडे परत जायचे कारणच संपले.

आता पाळीचे कामगार. त्यांच्याबाबतचा मुख्य पुरावा 2005 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. रात्रपाळीमुळे झोपेचा विकार जडलेल्या 209 जणांना 200 मिलिग्रॅम मोडाफिनिल किंवा दिसायला तशीच निरुपयोगी गोळी देण्यात आली. घरी परतताना अपघात झाला किंवा थोडक्यात टळला असे सांगणारे औषध घेणाऱ्यांत 29 टक्के होते, न घेणाऱ्यांत 54 टक्के. हा फायदा खोटा नाही आणि लहानही नाही. पण त्याच अभ्यासात रात्री झोप लागायला किती वेळ लागतो हेही मोजले होते. औषधाने तो वेळ सुमारे दोन मिनिटांवरून पावणेचार मिनिटांवर गेला. पाच मिनिटांच्या आत झोप लागणे हे तीव्र झोपाळूपणाचे लक्षण मानतात. म्हणजे गोळी घेऊनही ही माणसे धोक्याच्या रेषेखालीच राहिली. अमेरिकेने 2004 मध्येच रात्रपाळीसाठी गोळीला परवानगी दिली होती. युरोपच्या औषध संस्थेने 2010 मध्ये उलट शिफारस केली, की ती फक्त नार्कोलेप्सीसाठी ठेवावी आणि रात्रपाळी, स्लीप ॲप्निया यांसाठीची मान्यता काढून घ्यावी. दोन्हींकडे पुरावा जवळपास तोच होता. मग फरक कशाचा? ज्याच्या पेशीच उरल्या नाहीत त्याला गोळीवाचून पर्याय नाही, म्हणून त्याने धोका पत्करणे रास्त ठरते. पाळी मात्र बदलता येते. जिथे दुसरा इलाज शिल्लक आहे, तिथे तोच धोका जड भरतो.

तो धोका घड्याळ लावून पाहू. कामगाराने रात्री दहाला, पाळीच्या तासभर आधी, गोळी घेतली. या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण 12 ते 15 तास लागतात. सकाळी आठला तो घरी येतो, न्याहारी करतो, पडदा ओढून आडवा होतो. तेव्हा निम्म्याहून अधिक औषध अजून रक्तात आहे. बाहेर उजेड आहे, दारावर भाजीवाला ओरडतो आहे, मुले शाळेला निघाली आहेत. दिवसाची झोप आधीच तुटपुंजी असते, तिच्यातून आणखी कापले जाण्याचा धोका इथे आहे. त्या रात्री झोप अधिक येणार, म्हणून गोळीही अधिक हवीशी वाटणार. उचल फेडायला नवी उचल, ती अशी. भरीला अंगावरच्या गंभीर पुरळाचा, बेचैनीचा, भ्रमाचा, रक्तदाबाचा धोका. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम हे औषध कमी करते आणि ते बंद केल्यावरही महिनाभर सावध राहावे लागते. गर्भावर दुष्परिणाम होण्याचा इशारा 2019 मध्ये दिला गेला. रात्रपाळीला स्त्रिया वाढत असताना ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली का, हा प्रश्न बारीक नाही. सवय लागत नाही असे छातीठोक सांगितले जाई, पण 2009 च्या एका मेंदूचित्रण अभ्यासात हे औषध सवयीशी नाते असलेले डोपामिन वाढवते असे दिसले. आणि एक धोका ड्रायव्हरसाठी खास. कॅनडातल्या 1997 च्या एका प्रयोगात झोपेविना ठेवलेल्या लोकांना मोडाफिनिलवर आपल्या कामगिरीचा प्रमाणाबाहेर भरवसा वाटू लागला. पेंगणारा ड्रायव्हर निदान ढाब्यावर गाडी लावतो. आपण ठीक आहोत अशी खात्री झालेला थांबत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की झोप मोडलेला माणूस रस्त्यावर येणारच आहे, तर तो गोळी घेऊन येणे बरे. 17 तास सलग जागलेल्या माणसाचे हातपाय आणि लक्ष रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखे चालते, हे 1997 पासून माहीत आहे. आपल्या कायद्याची मर्यादा तर 0.03 टक्के आहे. आक्षेपातली काळजी खरी आहे, पण निष्कर्ष उलटा निघतो. दारू प्यायलेल्याला आपण उतारा देऊन पुन्हा स्टिअरिंगवर बसवत नाही, खाली उतरवतो. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, ती याचसाठी. दुसरा आक्षेप सैन्याचा. ओझरची ओळखच मिग कारखान्याची, त्यामुळे वैमानिकांचे उदाहरण इथे पटकन ओठांवर येते. परदेशी हवाई दलांनी अशा गोळ्या वापरल्या, हे खरे. पण तिथे वैमानिकाला आधी जमिनीवर गोळी देऊन पाहतात, विमानवैद्यकाचा डॉक्टर नोंद ठेवतो, मोहीम संपली की सक्तीची विश्रांती असते. एवढे करूनही 2002 मध्ये कंदाहारजवळ अमेरिकी विमानाच्या बाँबने चार कॅनेडियन सैनिक मेले, तेव्हा बचावात जागे ठेवणाऱ्या ॲम्फेटामिनच्या गोळ्यांचा मुद्दा निघालाच. ट्रक ड्रायव्हरच्या पाठीशी ना डॉक्टर असतो, ना विश्रांती. त्याची मोहीम रोजचीच. तिसरा आक्षेप चहाचा. उत्तेजक तोही आहे, पण तो काही तासांत उतरतो आणि जास्त झाला की छातीत धडधड करून स्वतःच थांबवतो.

खरा वाद वेळापत्रक बदलता येते की नाही, हा आहे. त्याचे उत्तर शिवारातच आहे. शेतीला रात्रीची वीज हे वर्षानुवर्षे नशीब म्हणून सोसले गेले. विंचू-काटा, बिबट्या आणि पेंगत धरलेले दारे, सगळे त्यातच आले. 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 मध्ये तिचे दुसरे रूप आले आणि दिवसा वीज देणे हे सरकारचे घोषित धोरण झाले. अंमलबजावणी कुठे पुरी, कुठे अर्धी. तरी एवढे सिद्ध झाले, की शेतकऱ्याच्या जागरणाचा इलाज फीडरमध्ये होता. विमान कंपन्यांच्या वैमानिकांसाठीही नियामकाने आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेली. ते नियम पुरते लागू होताच डिसेंबर 2025 मध्ये एका मोठ्या कंपनीची उड्डाणे कोलमडली आणि तिला काही काळ सूट द्यावी लागली. विश्रांतीला पैसे पडतात आणि ते कुणी मोजायचे यावरच भांडण असते, हे त्यातून उघड झाले. दुसरीकडे सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवसाचा कामाचा वेळ 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास तेच राहतात, असे समर्थन आहे. पण झोप आठवड्याच्या हिशेबाने साठवता येत नाही. बारा तासांची रात्र आणि जाण्यायेण्याचे दोन तास धरले, तर जेवण, घर आणि झोप यांना मिळून दहा उरतात.

काही रात्री टळणार नाहीत. रुग्णालय, वीज, विमानतळ जागेच हवेत. तिथे पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकणारी ठेवणे, सलग रात्री कमी करणे, मध्यरात्री वीस-तीस मिनिटांची डुलकी अधिकृतपणे देणे आणि घरी सोडायला गाडी ठेवणे, हे उपाय माहीत आहेत आणि ते गोळीच्या आधी यायला हवेत. ते करूनही एखाद्याची झोप विकाराच्या पातळीवर राहिली, तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठी गोळी द्यावी, यावर माझा आक्षेप नाही. म्हणून डॉक्टरने चिठ्ठी लिहिण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. किती तास झोपायला मिळते, घोरता का, आणि सर्दी-ॲलर्जीची किंवा दुसरी कोणती झोप आणणारी गोळी चालू आहे का. पहिल्याच उत्तरात पाच तास आले, तर तपासायचे ते कामाचे तास. ते चिठ्ठीवर लिहिण्याचा अधिकार डॉक्टरला आहेच. पाळी बदलण्याची शिफारस करणारे वैद्यकीय पत्र मालकाने नाकारू नये, अशी तरतूद कायद्यात हवी. तशी तरतूद नसेल, तर गोळीची किंमत कामगार मोजतो आणि वाचलेल्या विश्रांतीचा फायदा दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. नार्कोलेप्सीच्या रुग्णाच्या हातातली गोळी त्याला त्याचे आयुष्य परत देते. तीच गोळी थकलेल्याच्या हातात ठेवताना ते आयुष्य कोण वापरणार आहे, एवढे विचारणे वैद्यकाच्या आणि कायद्याच्या कक्षेतलेच काम आहे.