पाटीचे बारसे

ॲपल कंपनीने २७ जानेवारी २०१० रोजी आयपॅड जाहीर केला. लोकांनी तत्पूर्वीच त्या न पाहिलेल्या पाटीचे ‘आयस्लेट’ असे बारसे उरकले होते. मोशेच्या दगडी पाट्यांनंतर एवढी उत्सुकता प्रथमच, अशी थट्टाही झाली. आम्हीही हसलो, यंत्राविषयीच्या अंदाजाने कुणाची अब्रू जात नाही.

परंतु हीच जीभ माणसाकडे वळली तर? ३ ऑक्टोबर २००८ रोजी कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांना हृदयविकाराचा झटका आल्याची खोटी वार्ता पसरली; समभाग घसरले. कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला तो माणूस! ‘असे म्हणतात’ एवढी पुस्ती जोडल्याने आठव्या आज्ञेतून सुटका होते, असे आम्हांस वाटत नाही. आदल्याच महिन्यात, नव्या आयपॉडच्या समारंभात, त्यांनी आपल्या मृत्यूच्या चुकीच्या वार्तेवर स्वतःच विनोद करून सभेला हसविले होते. पण तो अधिकार त्यांचा होता.