निष्काम कोणी व्हावे?

रावेर तालुक्यात केळीची बाग माणसाला वर्षभर कामात ठेवते. कंद लावायचे, पाणी द्यायचे, पिले कापायची, निसवलेल्या झाडाला आधार द्यायचा आणि शेवटी घड कापून, न खरचटता गाडीपर्यंत वाहून न्यायचा. बागायतदार आणि त्याचा सालदार या दोघांचाही दिवस त्याच बागेत उगवतो आणि मावळतो. तरी त्या दिवसाचा अर्थ दोघांसाठी एकच असतो असे म्हणता येईल का? आणि तो वेगळा असेल, तर फळाची आसक्ती सोडून कर्म करण्याचा उपदेश दोघांना एकाच आवाजात करता येईल का? कर्मयोगाबद्दल आपल्याकडे अमाप लिहिले गेले आहे. पण हा उपदेश कोणाला करावा आणि कोणाला करू नये, हा प्रश्न त्या मानाने फार कमी विचारला गेला.

ऑक्युपेशनल सायन्स नावाच्या विद्याशाखेचे प्राथमिक धडे हा प्रश्न विचारायला मोठी मदत करतात. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८९ मध्ये एलिझाबेथ यर्क्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शाखेला स्वतंत्र रूप दिले. पोटासाठीचा धंदा हा तिच्या अभ्यासाचा एक भाग झाला. स्वयंपाक, खेळ, पूजा, शिवणकाम, बाळाला न्हाऊ घालणे, पारावर बसून बोलणे, असे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळे ती अभ्यासते. तिचे मूळ व्यवसायोपचारात आहे. आजाराने वा अपघाताने अडलेल्या माणसाला रोजच्या कृतींतून पुन्हा उभे करणारी ही उपचारपद्धती कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शिकवायला सुरुवात केली आणि भारतात तिचे शिक्षण रुजले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या अॅन विल्कॉक यांनी या शास्त्राचा गाभा मांडला तो असा: माणूस जे करतो त्यातून तो कोण आहे हे ठरते आणि तो काय होऊ शकतो याची वाटही त्यातूनच निघते. म्हणून अर्थपूर्ण कृती ही आरोग्याची गरज आहे.

या दाव्यामागे पुरावा आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातली कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास करून तो १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. बेकारांच्या हाती वेळच वेळ होता, तरी ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले, मंडळे ओस पडली, रस्त्यावरून चालणाऱ्या पुरुषांची गतीसुद्धा मंदावली. रिकामा वेळ माणसाला मोकळे करत नाही, हे त्या गावाने दाखवले. पण म्हणून माणसाला कशात तरी गुंतवून ठेवले की भागते, असेही नाही. लॉस एंजेलिसमध्ये ३६१ वृद्धांवर झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन गट होते. एका गटाला आपला दिनक्रम स्वतः तपासून त्यात आपल्या दृष्टीने मोलाच्या गोष्टी आणायला व्यवसायोपचारतज्ज्ञांनी मदत केली, दुसऱ्याला नुसते सामूहिक कार्यक्रम दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. नऊ महिन्यांनी पहिल्या गटाची प्रकृती आणि समाधान इतरांहून चांगले आढळले; दुसरा गट मात्र तिसऱ्याच्या पुढे गेला नाही. याचा अर्थ, हात चालू राहिल्याने माणूस सावरतो असे नाही. त्या चालण्यात त्याचे मन आणि त्याचा निर्णय असावा लागतो.

हेच तत्त्व खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात, फार आधी उच्चारले गेले होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बाहेरच्या कर्माला आतल्या चित्तशुद्धीची जोड मिळाली, म्हणजे कर्माला विकर्म मिळाले, की कर्माचा भार उरत नाही, असा विनोबांचा सिद्धांत आहे. तो खरा आहे. पण तो ऐकणारे कोण होते हेही पाहिले पाहिजे. समोर बसलेले सत्याग्रही शिक्षा होणार हे जाणून, स्वतःच्या निर्णयाने तुरुंगात आले होते. त्यांच्या आधी आणि नंतर त्याच भिंतींत असे कितीतरी कैदी राहिले असतील, ज्यांनी तुरुंग निवडला नव्हता. दळण तेच, कोठडी तीच. तरी एकाची ती तपश्चर्या झाली आणि दुसऱ्याची नुसती सक्तमजुरी राहिली. विकर्म मनातून यावे लागते, आणि मन हुकमाने जोडता येत नाही. म्हणून निष्कामतेची हाक त्यालाच देता येते, ज्याला नाही म्हणण्याची सोय होती.

यावर परंपरेचा आक्षेप येईल: स्वधर्म निवडायचा नसतोच, तो जन्माने वाट्याला येतो, आणि वाट्याला आलेले काम श्रद्धेने करण्यातच मोक्ष आहे. या आक्षेपाला डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये उत्तर दिले आहे. जातिव्यवस्था नुसती कामाचीच नव्हे, काम करणाऱ्यांचीही विभागणी करते; ती माणसाची आवड आणि कुवत न पाहता जन्माआधीच त्याचे काम ठरवून टाकते, आणि नावडते काम गळ्यात पडलेल्याचे मन कामात उरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. विल्कॉक आणि कॅनडाच्या एलिझाबेथ टाउनसेंड यांनी पुढे ज्याला कृतीविषयक न्याय म्हटले, त्याचा पाया हाच आहे. मैला उपसणाऱ्याला त्याच्या कामात अध्यात्म आहे असे सांगणे हा धर्माचा वापर अन्याय झाकण्यासाठी करणे होय. वाट्याला आलेल्या कामातही कोणी शांती शोधली तर ती त्याची थोरवी. ते काम त्याच्या वाट्याला लावणाऱ्याला तिचे श्रेय नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: हातावर पोट असलेल्याला अर्थाची चैन परवडत नाही, त्याला आधी मजुरी हवी. मजुरी हवीच, आणि ती पुरेशी हवी. पण गरिबाला फक्त पोट असते हे खानदेशच्या अनुभवाशी जुळत नाही. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. वर्षभर निंदणी-खुरपणी करणाऱ्या बायकांनी हा दिवस पिढ्यानपिढ्या हट्टाने राखला आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी घरातली आणि शेतातली कामे करता करता काव्य रचले. लिहिता येत नव्हते, म्हणून इतरांनी टिपून ठेवले तेवढे १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांच्या काव्यावरून कष्टच माणसाला फुलवतात असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कष्ट त्यांच्यावर पडले होते, गाणे मात्र त्यांनी स्वतः केले. ज्यांच्या दिवसात असे स्वतःचे काही करायला जागाच उरली नाही, अशा किती जणींचे गाणे गेले याची नोंद कुठेच नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: निवडीला इतके महत्त्व देणे ही पाश्चात्त्य व्यक्तिवादाची दृष्टी आहे. या शास्त्राच्या आतूनही ही टीका झाली आहे. मायकेल इवामा यांनी जपानी जीवनदृष्टीच्या आधारे माणसाला एकट्याने निर्णय घेणारा न मानता नात्यांच्या प्रवाहात पाहायला शिकवले. ही दुरुस्ती मान्य केली पाहिजे. बागेत घड कापणारी टोळी एकत्र जाते, मजुरी एकत्र ठरवते, घरातले निर्णयही चार जण मिळून होतात. पण नात्यांचा प्रवाह मानला म्हणजे त्यातल्या दुबळ्याचा आवाज बुडाला तरी चालेल असे होत नाही. घरातल्या सुनेला, टोळीतल्या पोरसवदा मजुराला त्या निर्णयात बोलता येते का, ही कसोटी तिथेही लागतेच.

म्हणून कर्मयोगाचा क्रम उलटा लावायला हवा. आधी न्याय, मग निष्कामता. ज्याने उपदेश करायचा, त्याने आधी ऐकणाऱ्याला पुरेशी मजुरी, विसावा, शिकण्याची संधी आणि काम सोडण्याची मोकळीक आहे का, हे पाहावे. नसेल तर ती मिळवून देणे हाच त्या उपदेशकाचा पहिला कर्मयोग. आणि फळाची आसक्ती सोडायची असेल, तर ती आधी बागायतदाराने सोडावी, कारण सोडण्याजोगे फळ त्याच्याच हाती आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने आणि त्याच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांनी तत्त्वज्ञानाच्या, समाजकार्याच्या आणि शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या शास्त्राचे प्राथमिक धडे द्यावेत. सोबत धुळ्याची प्रवचने आणि आंबेडकरांचा तो निबंध वाचायला लावावा. मग त्यांना रावेरच्या बागेत पाठवावे आणि सालदाराचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून आणायला सांगावे. त्या दिवसातले किती तास त्याचे स्वतःचे आहेत हे मोजल्याशिवाय कर्माच्या तत्त्वज्ञानावर कोणीही परीक्षा उत्तीर्ण होऊ नये.