मागून येणाऱ्याचं देणं

रत्नागिरी जिल्ह्यात जमिनीचा तंटा उभा राहिला की ट्रंकेच्या तळाशी पडलेले मोडी कागद बाहेर येतात आणि मोडी वाचणाऱ्याचा शोध सुरू होतो. खोतांची जमीनव्यवस्था, म्हणजे खोती, १९४९च्या कायद्याने गेली; तिचे कागद आजही पुराव्याला लागतात. मोडी ही वेगाची लिपी. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग हात फारसा न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळायचा नाही. लिहिणाऱ्याने वाचवलेला वेळ आज वाचणारा भरून देतो आहे.

संगणकाच्या कोडाचंही असंच आहे. कोड लिहिणारा नोकरी बदलतो. कोड तिथेच राहतो. इथे शिकलेली मुलं पुण्या-मुंबईला जातात, त्यांनी बांधलेली वेबसाइट मात्र चालू असते. जो मागे उरतो, त्याला तिचा कोड वाचता आला पाहिजे.

म्हणून काही वेग गौण ठरत नाही. हापूसच्या हंगामात बागायतदार बागेत उभा राहून, जेमतेम रेंज असलेल्या फोनवर ऑर्डरी पाहतो. त्याला ताटकळत ठेवणारं पान कितीही सुबक कोडातून आलेलं असो, ते वाईटच.

पण वेळ कुठे जातो, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आंब्याच्या पेटीचा भलामोठा फोटो, इंडेक्स नसलेलं टेबल, शंभर ऑर्डरींसाठी डेटाबेसला एकशे एक वेळा विचारणा: पान बहुधा अशा ठिकाणी अडतं. व्हेरिएबलचं नाव लांब आणि स्पष्ट ठेवल्याने अडत नाही.

नावं आखडण्याचं काम मिनिफायरचं. ब्राउझरला तो आटोपशीर फाइल देतो, मूळ कोड माणसांसाठी शाबूत राहतो. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला एकाच कागदावर वेग आणि स्पष्टता यांतलं एक निवडावं लागे. आपल्याला दोन प्रती ठेवता येतात. तरी मूळ प्रतच मोडीत लिहिण्याचा हट्ट कशाला?

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७४मध्ये लिहिलं की सुमारे ९७ टक्के वेळा बारीकसारीक वेगाचा विचार सोडून द्यावा. उरलेल्या महत्त्वाच्या ३ टक्क्यांतली संधी मात्र दवडू नये. पहिला भाग सर्वांच्या तोंडी आहे. दुसराही तितकाच खरा आहे.

त्या तीन टक्क्यांत कोड अवघड झाला तर होऊ द्यावा. शेजारी कॉमेंट हवी: काय मोजलं, किती वेळ वाचला, सोपी रीत का सोडली. ज्या कोडामागचं कारण हरवलं, त्याला हात लावायला कोणी धजत नाही.

स्पष्ट कोड पुढे वेगवान करता येतो. न कळणारा कोड आधी समजून घ्यावा लागतो, आणि तेवढी उसंत बिघाडाच्या दिवशी कोणाकडे नसते. म्हणून आधी स्पष्ट लिहावं, मग मोजावं, मग अडेल तिथेच वेग वाढवावा.

वेग हे वापरणाऱ्याचं देणं, स्पष्टता हे मागून येणाऱ्याचं. पहिला आपलं देणं हक्काने मागतो. दुसरा अजून आलेलाच नाही. त्याच्या वतीने आपणच मागायचं आणि आपणच फेडायचं.