आधी मीटर लावा, मग बॅटरीला नावं ठेवा

तिघंही इकडे या. हातातले पान्हे खाली ठेवा आणि नीट ऐका.

सकाळी दूधवाल्याला तुम्ही सांगितलंत, "काका, बॅटरी गेली, नवी टाकावी लागेल." दिवाळीला त्याने एक बॅटरी घेतली, गणपतीत दुसरी. आता तिसरी घ्यायला लावत होतात. कशाच्या आधारावर? हॉर्न बसका वाजला, सेल्फ मारल्यावर इंजिन रडत फिरलं, एवढ्यावर? मीटर भिंतीवर लटकत होता. तिघांपैकी एकाचाही हात तिकडे गेला नाही. ज्याची रोजची भाकरी त्या दुचाकीवर आहे, त्याच्या खिशात हात घालण्याआधी दोन आकडे घ्यायचे कष्ट तुम्हाला झेपले नाहीत. मला याचाच राग आहे.

मी घेतले आकडे. लिहून घ्या. चार्जरवरून काढून तासभर ठेवलेली बॅटरी 12.7 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर 10.6. वाईट नाही. आता मीटरचं लाल टोक सेल्फ मोटारच्या बोल्टवर आणि काळं मोटारच्या अंगावर धरा. तिथे मिळतात 8.5. बॅटरीने दिलेले 2.1 व्होल्ट वाटेत गेले, आणि ज्या वाटेत ते गेले ती वाट तुम्ही बघितलीच नाहीत.

2.1 व्होल्ट म्हणजे काय ते गणिताने सांगतो. ही मोटार फिरताना 80 अँपिअर ओढते असं धरा. 80 गुणिले 2.1, म्हणजे 168 वॅट. हेडलाइटच्या 55 वॅटच्या तीन बल्बांइतकी उष्णता तुम्ही वाटेतच जाळताय. आणि या वाटेचा रोध किती? 0.026 ओहम. तुमचं लाडकं "पीं" वाजणारं कंटिन्युइटीचं बटण इथे काही कामाचं नाही. केबलची एकच तार शाबूत असली तरी ते पीं वाजवणार. भार असतानाच मोजायचं, हे पहिल्या महिन्यात शिकवलंय.

पुढचं मोजमाप मी सोडून दिलं नाही. बॅटरीच्या प्लसपासून मोटारच्या बोल्टपर्यंत 0.4 व्होल्ट पडतात. चालेल, अर्ध्या व्होल्टच्या आत आहे. इंजिनच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मात्र 1.7. तिथे 0.2 च्या पुढे मी ऐकून घेत नाही. म्हणजे दोष अर्थमध्ये आहे. अर्थचा बोल्ट काढून पाहिला का कोणी? खाली फ्रेमचा रंग जसाच्या तसा आहे, वर पावसाळ्याचा हिरवा गंज. कुणीतरी फ्रेम रंगवली आणि लग त्या रंगावरच आवळला. अर्थचा प्रवाह धातूतून जातो, रंगातून नाही.

आता इलाज. त्या बोल्टचं बूड पॉलिश पेपरने चकचकीत करा. शिवाय इंजिनच्या केसपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत 16 चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची तांब्याची केबल टाका. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल आणलीत तर परत पाठवीन. तिचा रोध दीडपट असतो. लग क्रिंपिंग टूलने दाबायचा. पक्कडीने चेचायचा नाही, आणि सोल्डर ओतून पाठीवर शाबासकी मागायची नाही. सोल्डर तारांमध्ये वर चढतो, तिथे केबल कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन. बॅटरीशी काम करताना मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, कारण प्लसवर पान्हा असताना तो फ्रेमला टेकला तर ठिणगी तुमच्या हातात उडते.

पण एवढ्यावर त्याच्या दोन बॅटऱ्या का मेल्या ते कळत नाही. तेही विचारलं नाहीत. इंजिन 4000 फेऱ्यांवर ठेवा. रेग्युलेटरच्या तोंडाशी 14.3 व्होल्ट आहेत, बॅटरीवर फक्त 13.1. रेग्युलेटरला वाटतं आपलं काम झालं. मधल्या काळ्या पडलेल्या कपलरने 1.2 व्होल्ट खाल्ले हे त्याला कळत नाही. 1 एप्रिल 2017 नंतरच्या दुचाकीचा हेडलाइट इंजिनबरोबर पेटतोच. दूधवाल्याच्या फेऱ्या छोट्या, दर घरासमोर बंद-चालू. बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेट कडक होत जातं आणि ती अवेळी संपते. त्या बॅटऱ्या निकृष्ट नव्हत्या, त्यांना उपाशी ठेवलं गेलं. म्हणून रेग्युलेटरच्या आउटपुटपासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड तार घ्या, परतीची अर्थही बॅटरीच्या मायनसवर न्या.

घाई करू नका. ज्या रेग्युलेटरला व्होल्टेज पाहणारी वेगळी तार असते, तिचा जोड खराब असेल तर उलट होतं. त्याला व्होल्टेज कमी भासतं आणि तो बॅटरीला 15 च्या पुढे ढकलतो. आधी वायरिंगचा आराखडा पाहा.

आणि तू, गप्प उभा आहेस तो. बॅटरीपासूनची ही नवी तार कोणी ओढली? फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा का पिळला आहेस? फ्यूज तारेसाठी असतो. तार घासून फ्रेमला टेकली की बॅटरीतला सगळा प्रवाह तिच्यातून जाईल, ती लाल होईल, आणि तिच्या वर पेट्रोलची टाकी आहे. फ्यूज बॅटरीजवळ हवा, तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा नको. सेल्फच्या केबलला फ्यूज नसतो, म्हणूनच ती सायलेन्सरपासून दूर आणि टोकाला रबरी टोपी घालून बांधायची. हे तू माझ्यासमोर पुन्हा कधी केलंस तर वर्कशॉपच्या बाहेर उभा राहशील.

हेडलाइटला रिले लावायचा तर लावा, हँडलच्या स्विचला आराम मिळेल. पण जाड तारा टाकून वीज वाढत नाही. स्टेटरच दमला असेल किंवा सेल्फच्या कार्बन ब्रशचं आयुष्य संपलं असेल, तर केबल बदलून काही होणार नाही. स्टेटरच्या तीन पिवळ्या तारांमध्ये दोन-दोन धरून एसी मोजा, तिन्ही जोड्यांचे आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. इंजिन बंद करून कोणतीही पिवळी तार फ्रेमशी जोडलेली दिसता कामा नये.

जुनी बॅटरी रात्रभर 0.8 अँपिअरवर चार्जरला लावा. उद्या पुन्हा सेल्फ मारून मोजा. तुमचे सगळे आकडे, कुठून कुठे मोजले त्यासकट, वहीत लिहून मला दाखवा. ते पटेपर्यंत नव्या बॅटऱ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील.