गेटवर पाहुणे, सिस्टीममध्ये अधिकारी

काका निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. ऑडिटच्या एका प्रश्नासाठी त्यांना ऑफिसात बोलावलं, तेव्हा गेटवर फोटो काढून 'व्हिजिटर' असा पास त्यांच्या गळ्यात घातला. प्रश्न असा होता : मागच्याच महिन्यात तुमच्या आयडीवरून एका कर्जाचा व्याजदर बदललाय, तो का? ज्या इमारतीत शिरायला त्यांना पास लागला, तिथल्या सिस्टीममध्ये ते अजून अधिकारी होते.

मी त्याच वित्तसंस्थेच्या आयटीत आहे. कोणाला कुठे शिरता येईल आणि तिथे काय करता येईल, ही नोंद सगळ्या सिस्टीम्समध्ये सारखी ठेवणं हे माझं काम. नवी बाजू सोपी आहे. एचआरने 'सेवा समाप्त' नोंदवलं की आयडेंटिटी मॅनेजमेंट काही मिनिटांत मेल आणि व्हीपीएन बंद करतं. पण कर्जाचे हिशेब आजही हिरव्या अक्षरांच्या काळ्या स्क्रीनवर चालतात. या जुन्या सिस्टीमला रोज रात्री एक फाइल जाते. कर्मचारी क्रमांक जुळला तरच खातं बंद होतं. काकांचं खातं इतकं जुनं, की त्यात क्रमांकच नव्हता. नुसतं आडनाव आणि पुढे ०२. ते जुळलं नाही आणि 'तपासणे बाकी' नावाच्या एक्सेल शीटमध्ये येऊन पडलं.

ती शीट माझी. त्या ओळीपुढचा शेराही माझाच : 'रात्रीचा जॉब याच आयडीवर चालतो. बंद केल्यास थांबेल का, पाहणे.' मी पाहिलं नाही. जॉब थांबला असता तर सकाळी सगळ्यांनी मला धरलं असतं. खातं उघडं राहिलं तर कोणी काही विचारत नाही.

चौकशीत चोर सापडला नाही. शाखेतल्या एका मुलाला बढती मिळाली होती, पण दर बदलण्याचा अधिकार तीन आठवडे मंजुरीत अडकला होता. ग्राहक समोर बसलेला. जॉब अडू नये म्हणून काकांचा पासवर्ड वर्षानुवर्षं बदललेला नव्हता आणि तो अख्ख्या टेबलाला पाठ होता. त्याने तो वापरला. दर बरोबर होता, नाव चुकीचं होतं. एकाला अधिकार वेळेत दिला नाही, दुसऱ्याचा वेळेत काढला नाही.

काका रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, मी जाताना किल्ल्या दिल्या होत्या. रजिस्टरवर सही आहे माझी."

आपल्याला अधिकार काढून घेणं अपमानासारखं वाटतं. सकाळी शाल-श्रीफळ द्यायचं आणि संध्याकाळी लॉगिन बंद करायचं, हे कृतघ्नपणाचं वाटतं. पण अधिकार उघडा राहिला की त्याची जबाबदारीही त्याच नावावर राहते. ऑफिसच्या मराठीत 'कार्यमुक्त' असा शब्द आहे. किती पत्रांत वाचलाय, पण त्यातल्या 'मुक्त'कडे कधी लक्ष गेलं नव्हतं. आम्ही काकांचं काम काढून घेतलं, त्यांना मुक्त केलंच नाही. सातबाऱ्यावर गेलेल्या आजोबांचं नाव वर्षानुवर्षं राहतं ते प्रेमापोटी नाही. फेरफाराची नोंद करायला कोणी गेलेलं नसतं, म्हणून.

हे फक्त आमच्याकडचं नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन ही मोठी इंधनवाहिनी काही दिवस बंद पडली. हल्लेखोर शिरले होते ते वापरात नसलेल्या, पण बंदही न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. 'राहू दे, नंतर बघू' असं तिथेही कोणाला तरी वाटलं असणार.

'राहू दे' यात सावधपणा आहे, असं मी समजत होते. आता वाटतं, शंका आली की मी धोका संपवत नव्हते, फक्त तो समोर नसलेल्या माणसाकडे सरकवत होते. जॉबसाठी वेगळा आयडी करून काकांचं खातं बंद करायला मला एक दुपार लागली.

शीटमध्ये अजून ४१ ओळी आहेत. शेऱ्याच्या आधी मी एक रकाना वाढवलाय : 'हे खातं उघडं राहिलं तर उत्तर कोणाला द्यावं लागेल?' तो भरून झाला. ४१ पैकी एकाही ओळीत माझं नाव आलेलं नाही.