वीस टक्क्यांचे दुकान

मुंबईच्या फोर्टमधले स्ट्रँड बुक स्टॉल फेब्रुवारी 2018 मध्ये बंद झाले, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. ती खरी होती. पण तिचा हिशेब मांडायला हवा.

टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात पुस्तकांचा छोटा स्टॉल मांडला. पुढे तो फोर्टमध्ये आला आणि शहराची ओळख बनला. 2003 मध्ये शानभागांना पद्मश्री मिळाली. पुस्तकविक्रेत्याच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. या लौकिकामागे एक साधे धोरण होते: छापील किमतीवर वीस टक्के सूट. प्रकाशकाकडून मिळणाऱ्या कमिशनातलाच वाटा ते गिऱ्हाइकाला देत आणि मोठ्या खपावर तो भरून काढत. सुंदराबाई हॉलमधल्या त्यांच्या वार्षिक विक्रीला झुंबड उडे ती त्यामुळेच.

छापलेली किंमत ही द्यायची किंमत नव्हे, हे मुंबईच्या वाचकाला शिकवण्यात स्ट्रँडचा वाटा मोठा होता. फ्लिपकार्टने 2007 मध्ये पुस्तकांपासूनच धंदा सुरू केला, 2013 मध्ये अ‍ॅमेझॉन आले, तेव्हा तोच धडा त्यांनी पुढे नेला. फरक इतकाच, की स्ट्रँडला पुस्तकांवरच पोट भरायचे होते. या कंपन्यांना पुस्तकावर तोटा सोसून गिऱ्हाईक जोडणे परवडत होते. कचेऱ्या फोर्टमधून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकल्या, हेही आहेच. पण सवलतीच्या खेळात छोट्या दुकानाची हार ठरलेली होती.

ही घडामोड निव्वळ नुकसानीची मानणेही अन्यायाचे. स्ट्रँड होते फोर्टमध्ये, आणि मुख्यतः इंग्रजी वाचणाऱ्यांचे. गडचिरोलीतल्या विद्यार्थिनीला हवे ते पुस्तक आज घरपोच मिळते. तिच्यासाठी पूर्वी कोणते दुकान होते? आपल्या आठवणींसाठी तिची सोय नाकारता येणार नाही.

मग गमावले काय? निवड. हजारो पुस्तकांतून काय मागवायचे, टेबलावर समोर काय ठेवायचे, हे जाणता माणूस ठरवत होता. आपण न मागितलेले पुस्तक तो हातात देई. संगणक मात्र आपण आधी घेतले त्याच्यासारखेच पुढे करतो. या निवडीचे वेगळे बिल होत नाही. तिचा खर्च पुस्तकाच्या किमतीतूनच निघतो.

फ्रान्सने हे ओळखले. तिथे 1981 च्या कायद्याने नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही. 2023 पासून 35 युरोंखालील खरेदीला घरपोच पाठवण्याचे किमान तीन युरो आकारावे लागतात. त्या कायद्यात स्ट्रँडची वीस टक्के सूटही बसली नसती! म्हणून तो कायदा जसाच्या तसा इथे आणावा, असे मी म्हणणार नाही. जिथे पाठ्यपुस्तकांनीच खिसा रिकामा होतो, तिथे सूट ही चैन नसते.

पण ज्यांना परवडते त्यांना कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. फोर्टमध्येच किताबखाना हे पुस्तकांचे दुकान डिसेंबर 2020 च्या आगीतून सावरून पुन्हा उभे राहिले. दादर, गिरगाव, पुण्यातही जुनी दुकाने तग धरून आहेत. दुकानात चाळून आवडलेले पुस्तक तिथेच विकत घ्या, मोबाइलवर स्वस्त दिसले तरी. बंद दुकानासाठी हळहळण्यापेक्षा उघड्या दुकानाचे बिल भरणे अधिक उपयोगाचे.